अण्णांच्या वाटणीची एक हात भिंत

घर पाडायच्या आधी त्याचा फोटो काढावा लागतो. घरकुलाच्या यादीत नाव आलं की जुन्या घरासमोर सगळ्या कुटुंबानं उभं राहायचं, आणि ते घर राहण्यासारखं नाही हे फोटोत दिसलं पाहिजे. फोटो काढायला आलेल्या माणसानं आम्हाला तीनदा सांगितलं, "हसू नका." आमच्या घरात या सूचनेची गरज नव्हती. माझे वडील आसाराम, ज्यांना मीच नाही तर सगळी गल्ली अण्णा म्हणते, आयुष्यात एकदाच मोठ्यानं बोलले होते, पंधरा वर्षांपूर्वी, आणि त्याचा परिणाम अजून चालू होता. माय पदर डोक्यावर घेऊन उभी. मी मध्ये. मागं घर. फोटोत असं दिसतं की आम्ही तिघांनी मिळून त्या घराला काहीतरी केलंय आणि आता पंचनामा चाललाय.

घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर हातभर पांढरी माती. खरं तर ते अर्धंच घर होतं. आजोबा धुळाजींनी बांधलं तेव्हा पुरं होतं. दोन पोरांत वाटणी झाली आणि मधल्या भिंतीच्या अलीकडचं थोरल्या अण्णांना आलं, पलीकडचं धाकट्या राधाकिशन तात्यांना. मधली भिंत दोन हात जाड. तिच्यातला एक हात अण्णांचा आणि एक हात तात्यांचा असं पंचांनी ठरवलं. भिंतीच्या पोटात रेघ कुणी मारली नव्हती, पण ती दोघांनाही स्वच्छ दिसायची.

वाटणीत पुढंमागं भांडण नको म्हणून अण्णांनी नांदूरघाटच्या बाजारातून भांड्यांवर नावं घालणारा आणला होता. त्यानं दिवसभर बसून निम्म्या भांड्यांवर 'आसाराम धुळाजी' आणि निम्म्यांवर 'राधाकिशन धुळाजी' घातलं. ताटं, वाट्या, तांबे, उलथनं. चिमट्यावर जागा नव्हती, तर त्याच्या एका पायावर 'आसा' आणि दुसऱ्यावर 'राम'. भांडण भांड्यांवरून होणार नाही याची पक्की व्यवस्था झाली. मग ते पन्हळीवरून झालं.

माळवदावरचं पावसाचं पाणी बाहेर सोडायला पत्र्याची पन्हळ असते. एका पावसात तिचं तोंड आमच्या अंगणाकडं फिरलेलं सापडलं. तात्या म्हणाले, वाऱ्यानं फिरलं. अण्णा म्हणाले, वारा येवढा हुशार नसतो. बोलणं वाढत गेलं आणि शपथेवर थांबलं. "आजपास्नं तुझ्या घरचं कुणी माझा उंबरा ओलांडायचा न्हाई, आन माझ्या घरचं कुणी तुझा." दोघांनी एकाच वेळी, एकच शपथ, एकमेकांच्या तोंडावर घेतली. आधी कुणी घेतली यावरून अजून एक भांडण होता होता राहिलं.

त्याच दिवाळीनंतर अण्णा आणि माय ऊसतोडीला गेले. तात्यांचा गुडघा गेलेला, ते शेळ्या राखत गावातच राहायचे. आमच्या घरी राहिलो मी, वय सहा, आणि माझी बहीण मनिषा, वय बारा. मनिषानं स्वयंपाक करायचा, मी तिला त्रास द्यायचा, असं कामाचं वाटप होतं. अण्णा निघताना तिला म्हणाले, "जमंल ना बाई?" ती म्हणाली, "जमंल." तिला फक्त पाणी उकळता यायचं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं चुलीसमोर बसून पिठाकडं बघत होतो. तेवढ्यात देवळीतून खर्रर्र आवाज आला. देवळी म्हणजे मधल्या भिंतीतला, आमच्या बाजूचा कोनाडा. त्यात आमचे देव, लाकडी पाटावर ओळीनं मांडलेले टाक. आवाज देवांच्या मागून येत होता. मनिषानं पाट उचलला. मागचा एक दगड आत सरकला होता आणि अंधारातून एक हात बाहेर येत होता. हातात दोन भाकरी, वर ठेचा.

हात चंद्रभागा काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, हे मनिषाला बांगड्यांवरून कळलं. मला कळलं नाही. मला चौथीपर्यंत वाटायचं की भाकरी देव देतो. शाळेत बाईंनी विचारलं, आपल्याला अन्न कोण देतो, सगळी पोरं म्हणाली शेतकरी, मी म्हणालो देव, भोकातून.

ती व्यवस्था मायनं आणि काकूंनी निघायच्या आदल्या दिवशीच केली होती. दोघींनी आपापल्या बाजूनं पहारीनं माती उकरली आणि मधला दगड ढिला केला. काकूंच्या बाजूला तो दगड तात्यांच्या तंबाखूच्या डब्याच्या मागं होता. म्हणजे इकडून देव आणि तिकडून तंबाखू, दोन्हीला घरात कुणी विनाकारण हात लावत नाही. उंबरा कुणी ओलांडला नाही. शपथेत भिंतीचा उल्लेखच नव्हता.

दर वर्षी सहा महिने असं चाललं. भिंत जाड असल्यामुळं काकूंचा हात मधोमध संपायचा आणि माझा हात मधोमध सुरू व्हायचा. आत काळोख. बोटाला बोट लागलं की वाटी सोडायची. ताप आला की काकू म्हणायची, "कपाळ न्हाई येत हितून, तळवा दे." मग माझा तळवा धरून ती ताप बघायची. सहा महिन्यांनी माय परत आली की भोक मायकडं जायचं. विरजण, मीठ, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं त्यातूनच. देवाची पूजा मायनं दुसऱ्या कुणाला कधी करू दिली नाही. अण्णांना वाटायचं, बायको लई धार्मिक हाय.

फक्त एक घोटाळा झाला. अण्णा तोडीवरून आले की मागं उरलेली भाकरी खायचे आणि म्हणायचे, "माझ्या लेकीच्या हाताला चव हाय." हे त्यांनी टोळीत सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं, बसमध्ये शेजारच्याला सांगितलं. ती कीर्ती फिरत फिरत तलवाड्याला गेली आणि तिथल्या भागवतरावांचं स्थळ चालून आलं. मनिषानं सासरी पहिली भाकरी थापली ती गेवराई तालुक्याच्या नकाशासारखी झाली. भागवतराव भला माणूस. त्यांनी आधी गिरणी बदलली, मग ज्वारी बदलली, मग बोअरचं पाणी तपासून घेतलं. आठ वर्षं झाली, अजून त्यांचा संशय पाण्यावरच आहे.

हे सगळं यासाठी सांगितलं की घरकुलाचा फोटो काढून माणूस गेला त्या दिवशी माय मला चुलीपाशी म्हणाली, "सुग्रीव, घर पाडा, काय बी करा. पण ते भोक बुजायला नगं."

"माय, घर पडल्यावर भोक कुठं राहील?"

"तुला आयटीआय कावून शिकवली?"

मी वायरमन आहे. भोक पाडायचं शिकलोय, भोक वाचवायचं नाही. पण ती पुढं म्हणाली, "मी आता साठीला आले. चंद्राशी मी तोंड बघून बोलले न्हाई पंधरा वर्सं. गल्लीत समोर आली तरी मान खाली घालून जातो दोघी. तेवढ्या भोकातच बोलणं हाय आमचं. सिमिटाची भित झाली म्हंजी संपलं." मग म्हणाली, "आन तू बी तिचंच खाल्लंयस." मी हो म्हणालो.

एप्रिलात पाडायला सुरुवात झाली. माळवदाची पांढरी माती आधी खाली ओढली. ही माती फेकत नाहीत. जुन्या घराची माती रानात टाकली तर पीक जोमदार येतं. म्हणून आमचं घर ट्रॉलीतून थोडं थोडं करून रानात गेलं. तीन खेपांनंतर अण्णा म्हणाले, "सैपाकघर बांधावर पोचलं." तुळया काढल्या, तीन भिंती पाडल्या, चौकट काढली. उंबऱ्याचं लाकूड अण्णांनी दोन हातांनी उचलून नेऊन अंगणातल्या कडुलिंबाला टेकवून ठेवलं, आणि त्यावर पाय पडू नये म्हणून पोतं टाकलं. आमचा संसार लिंबाखाली पत्र्याच्या आडोशात आला.

उरली मधली भिंत. गवंडी बंकट अनुभवी माणूस. तो म्हणाला, "अण्णा, ही जुनी भित ऱ्हाऊ द्या तिकडच्यांची. आपण हितून नवी उचलू, वीतभर सोडून."

"वीतभर कुणाची सोडू?" अण्णा म्हणाले. "ह्या भितीतला एक हात माझा हाय. तो मी घेनार."

"घेनार कसा?"

"खरवडून."

बंकटनं पंचवीस वर्षांत घरं पाडलेली, बांधलेली, एक तर चुकून दुसऱ्याच्या जागेत बांधलेलं. पण भिंत उभी चिरून अर्धी नेणारा माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिला. त्यानं बिडी पेटवली आणि बघत बसला. अण्णांनी दोरी लावली, वरून ओळंबा सोडला आणि टिकावानं आपल्या वाटणीची जाडी सोलायला सुरुवात केली. लहान लहान घाव. तात्यांच्या वाटणीतली चिमूटभर माती इकडं येऊ नये म्हणून मध्येच थांबून हातानं चाचपायचे. आली तर? मी विचारलं. अण्णा म्हणाले, "परत लावून दिऊ."

पलीकडून तात्यांचा खोकला ऐकू यायचा. घाव पडला की खोकला. ते पंधरा वर्षांतलं त्या दोघांचं सगळ्यात लांब संभाषण होतं.

अण्णा सोलत सोलत देवळीपर्यंत आले. माय म्हणाली, "आज देव हलवत न्हाईत, अमावस्या हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "शनवार." तिसऱ्या दिवशी, "मला सपान पडलं, देव म्हनले घाई करू नका." चौथ्या दिवशी तिनं एक उपवास काढला. तो गावात कुणालाच माहीत नव्हता, कारण तो तिनं त्या सकाळीच सुरू केला होता. अण्णा देवाच्या बाबतीत वाद घालत नाहीत. त्यांनी देवळीच्या भोवतीनं सोलून घेतलं.

त्यामुळं पाचव्या दिवशी असं झालं की सगळी भिंत अर्धी झाली आणि मध्ये देवळीचा तेवढा चौकोन दीड फूट पुढं आलेला राहिला. वर आभाळ, खाली काही नाही, मध्ये मातीच्या पेटीत देव बसलेले. बाजूनं बघितलं तर भिंतीला पोट सुटल्यासारखं दिसायचं. गल्लीत बातमी अशी गेली की आसारामच्या घरचे देव हलायला तयार नाहीत. दुपारी दोन बाया हळदीकुंकू घेऊन आल्या. संध्याकाळी कुणीतरी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून आला, चप्पल काढून उभा राहिला आणि मला विचारलं, "दर्शनाची येळ काय हाय?" मी म्हणालो, उपवास सुटेपर्यंत. त्याला ते पटलं.

मला वाटलं, जमलं. अजून आठ दिवस असंच गेलं तर हे देवस्थान होईल आणि भोक कायद्यानंच वाचेल. मायला मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "त्या बायांनी आज पाट उचलून मागं फूल ठिवलं असतं रे. माझा जीव गेलता."

भोकाचं गुपित फुटलं ते मात्र भलत्याच ठिकाणी.

आमच्या जुन्या घरात उजेड कमी. खिडकी एक, तीही शेळीला दिसेल एवढी. दिवसासुद्धा घरात माणूस आवाजावरून ओळखावा लागायचा. आता लिंबाखाली, भर एप्रिलात, अण्णा पहिल्यांदाच आपली भांडी उन्हात बघत होते. दुपारी जेवायला बसले. ताटाच्या काठावर ऊन पडलं. अण्णा चौथी शिकलेत. एकेक अक्षर बोटानं दाबून वाचतात. त्यांनी 'रा' दाबला, 'धा' दाबला. मग भाकरी खाली ठेवली. वाटी फिरवून बघितली. तांब्या बघितला. उठले, आणि भांड्यांची पाटी उपडी केली.

निम्म्याहून जास्त भांडी तात्यांची होती. पंधरा वर्षांत भोकातून जे आलं त्यातलं सगळं परत गेलं नव्हतं, आणि जे गेलं ते त्याच नावाचं गेलं नव्हतं. अंधारात हाताला लागेल ती वाटी. दोघी बायकांनी नावाकडं कधी बघितलंच नाही.

अण्णा भांड्यांच्या मध्ये बसले. माय आडोशाच्या खांबाला धरून उभी होती. तिला वाटलं, आता कळलं. पण अण्णा सरळ माणूस. सरळ माणसाच्या डोक्यात चोरभोक येत नाही, चोरी येते. ते हळू आवाजात म्हणाले, "रतन, तू भावाच्या घरातून भांडी चोरलीस?"

चोरी कबूल केली तर भोक वाचतं. मला मायच्या तोंडावर तो हिशोब चाललेला दिसला. मग तिनं मान हलवली. हो म्हणाली.

मी आजपर्यंत मायला इतकं मोठं काही करताना पाहिलं नव्हतं. तिनं पंधरा वर्षांची अब्रू त्या पाटीत टाकली, एका भोकासाठी. मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते पाणी पिऊन बंद केलं.

अण्णांनी तात्यांच्या नावाची सगळी भांडी वेगळी केली, राखेनं घासली, स्वतः. घमेल्यात रचली, डोक्यावर घेतली आणि तात्यांच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. उंबऱ्यापासून दोन हात लांब. मी मागं. सगळी गल्ली आपापल्या दारात. ऐन दुपारी एवढे लोक दारात उभे राहायला एकच कारण असतं.

"राधा," अण्णा म्हणाले. "तुझी भांडी हायेत."

आत खोकला झाला. तात्या गुडघा धरत दारात आले. घमेल्याकडं बघितलं. एक ताट उचललं, नाव वाचलं, परत ठेवलं. मग आत गेले. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आले ते त्यांच्याही हातात टोपलं. त्यात आमची भांडी. वर चिमटा. एका पायावर 'आसा'.

"मी पाच वर्सांखाली बघितलं," तात्या म्हणाले. "मला वाटलं माझ्या बायकूनं चोरली. बोलायची लाज वाटली."

"मला बी."

दोघं भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभं राहून भांडी देत-घेत होते. एक ताट इकडं, एक ताट तिकडं. तांब्याला तांब्या. वाट्यांच्या वेळी दोन्हीकडून एकेक कमी भरली. एक अण्णांच्या नावाची, एक तात्यांच्या. दोघांनीही "ऱ्हाऊ दे" म्हटलं.

मग तात्यांनी आमच्या बाजूला बघितलं आणि जे म्हणाले ते भांड्यांबद्दल नव्हतं. "अण्णा, तू एक हात सोललास. पण माझी तुळई दोन हातावर टेकलीया. राती कुरकुरती. पावसात माझं माळवद माझ्या डोक्यावर येनार."

अण्णांचं तोंड उतरलं. आपला एक हात घेताना भावाचं छप्पर त्याच हातावर टेकलंय हे त्यांच्या ओळंब्यात आलं नव्हतं. "चल, बघू दे," तात्या म्हणाले आणि आमच्या घराकडं निघाले. जिथं दार होतं तिथं थांबले.

"उंबरा कुठंय?"

"लिंबाला टेकिवलाय," मी म्हणालो.

तात्यांनी लिंबाकडं बघितलं. पोत्याखाली उंबरा होता. त्यांनी जरा विचार केला. "मंग आलो तर चालतंय," म्हणाले आणि आत आले. त्यांच्या मागोमाग काकूही. पंधरा वर्षांनी.

तात्या आणि अण्णा वर तुळईकडं बघत होते. काकू मात्र सरळ देवळीकडं गेली. तिनं ती आमच्या बाजूनं कधीच पाहिली नव्हती. पोट सुटलेली भिंत, नारळाची शेंडी, कुंकू. मायजवळ जाऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडं नीट बघत होत्या, बाजारात कापड बघतात तशा.

"अक्का, केस लई पिकले तुमचे," काकू म्हणाली.

"तुझे काय काळे ऱ्हायलेत का?"

"कळायला कुठं मार्ग व्हता?"

अण्णांनी ते ऐकलं. वळले. "कळायला म्हंजी?"

काकूनं मायकडं बघितलं. मायनं मान नाही म्हणून हलवली. पण काकूला चोरी मान्य नव्हती. ती म्हणाली, "भावजी, तुमची बायकू चोर न्हाई आन मी बी न्हाई." तिनं देवांना हात जोडले, पाट उचलून मायच्या हातात दिला आणि दगड ढकलला. खर्रर्र. पलीकडं तात्यांचा तंबाखूचा डबा खाली पडल्याचा आवाज आला. "भांडी हितून गेली. हितूनच आली. लेकरं उपाशी व्हती, तुमी दोघं शपथा घिऊन मोकळे झालतात."

तात्या खाली वाकून भोकातून आपल्याच घरात बघत होते. अण्णा भिंतीच्या कडेला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक वर्ष मागं जात होतं. मला ते थांबताना दिसलं.

"आन मनिषाच्या भाकरी?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," काकू म्हणाली.

अण्णांनी पायाखालच्या मातीकडं बघितलं. ती एवढी सोललेली माती. मग म्हणाले, "पंधरा वर्सं मी तुझ्या हाताचं खाऊन लेकीचं नाव घेतलं." आणि मग, "जावायाला सांगू नका."

भिंत पाडावी लागली. तिला आता इलाजच नव्हता. तात्यांच्या तुळईला टेकू दिला आणि दोघा भावांनी दोन्हीकडून ती खाली घेतली. अण्णांच्या हाताची माती आमच्या रानात, तात्यांच्या हाताची त्यांच्या. मधल्या रेघेवरची कुणाची हे कळेना, ती दोघांनी लिंबाच्या बुडाला टाकली. नवी भिंत सामाईक विटांची, नऊ इंची. दोन हातांच्या जागी नऊ इंच, म्हणजे दोघांनाही जवळजवळ हात हात जागा उरली. अण्णा एका हातासाठी पाच दिवस टिकाव मारत होते. तेवढं नुसतं बोलून मिळालं असतं. हे त्यांना बंकटनं सांगितलं. अण्णा म्हणाले, "तू बोलू नगंस बे, थर लाव."

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा माय माझ्याकडं बघायला लागली. मी वचन दिलेलं. मी वायरिंगसाठी म्हणून चार इंची पाइप आडवा टाकायचा बेत केला होता. भाकरी गुंडाळून गेली असती, वाटी नसती गेली. मी पाइप घेऊन गेलो, तर अण्णा आधीच तिथं उभे होते, हातानं उंची दाखवत.

"हितं देवळी सोड," ते बंकटला म्हणाले.

"किती खोल?"

"आरपार."

"आरपार म्हंजी खिडकी झाली की अण्णा."

"खिडकी न्हाई. देवळी."

"मागून काय लावू मंग?"

"काय लावू नगं."

बंकटनं पलीकडं तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "माझा डबा बसंल येवढी ठिव."

मी पाइप परत नेऊन ठेवला.

मला वाटलं होतं की आता हे सगळं कशाला, दोघं बोलतायत, दारातून येतायत-जातायत. त्या दीड महिन्यात तात्या रोज आमच्याकडं यायचे, विटांवर पाणी मारायचे, बंकटला शिव्या द्यायचे. पण चौकट बसवायचा दिवस आला. अण्णांनी जुन्याच उंबऱ्याचं लाकूड रंधून नव्या चौकटीला लावायचं ठरवलं होतं. सुतार ते खाली ठेवणार एवढ्यात तात्या आतून म्हणाले, "थांब. मला आदी भायेर पडू दे." आणि गुडघा धरत बाहेर येऊन अंगणात उभे राहिले. अण्णांनी थांबवलं नाही. शपथ घेतलेली होती. ती मोडायची म्हणजे पंधरा वर्षं उगीच पाळली असं झालं असतं, आणि तेवढी हिंमत दोघांतही नव्हती. उंबरा बसला.

घराच्या शांतीला तात्या-काकू अंगणात मांडवाखाली जेवले. मनिषा आणि भागवतराव तलवाड्याहून आले होते. भागवतरावांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली, आणि मनिषाला म्हणाले, "बघ, हितलं पाणी येगळं हाय." अण्णा ताटात मान घालून बसले.

पाहुणे गेल्यावर अण्णा नव्या घरात पहिल्यांदा भिंतीला टेकून बसले. देवळीत दिवा होता. आरपार असल्यामुळं वाऱ्यानं तो सारखा विझतो. कधी आमच्याकडून लावतात, कधी तिकडून. पलीकडून काकूचा आवाज आला, "अक्का, धरा." आता हात लांबवावा लागत नाही, बांगड्यांच्या मागं तोंडही दिसतं. मायनं वाटी घेतली आणि अण्णांच्या ताटाशेजारी ठेवली. दही होतं.

अण्णांनी वाटी उचलली. घरात आता ट्यूबलाइट आहे, मीच बसवलीय; काठावरची अक्षरं लांबूनसुद्धा दिसत होती. त्या दिवशी देण्याघेण्यात कमी भरलेली ती, राधाकिशन धुळाजी. एक काकूनं मागं ठेवली होती, एक मायनं. कुठली कुणाकडं होती आणि पुन्हा किती वेळा गेली-आली, हे आता त्या दोघींनाच माहीत.

अण्णांनी बोटानं 'रा' दाबला. पुढचं वाचलं नाही. नावाची बाजू भिंतीकडं वळवून वाटी खाली ठेवली आणि भाकरी मोडली.

"राधा," ते भिंतीकडं न बघता म्हणाले, "पन्हळ कुणीकडं काढायची?"

नव्या घराला स्लॅब आहे, पण पाणी कुठंतरी सोडावंच लागतं. पलीकडं तंबाखूच्या डब्याचं झाकण उघडलं.

"काढ की माझ्याकडं," तात्या म्हणाले.